माहिती हीही एक अमानत आहे

 

हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी स्वतः सांगितलेला एक प्रसंग सहीह बुखारीत आला आहे. ते मस्जिदे नबवीतील सुफ्फ्यावर राहत असत. मदीनेत घर नाही, व्यापार नाही, आधाराला नातलग नाहीत. एके दिवशी भूक असह्य झाली, तेव्हा लोक ज्या वाटेने जात-येत त्या वाटेवर ते जाऊन बसले. हजरत अबू बक्र (रजि.) तेथून निघाले. अबू हुरैरांनी त्यांना पवित्र कुरआनच्या एका आयतीविषयी विचारले. विचारण्यामागचा हेतू एवढाच होता की, त्यांनी आपल्याला सोबत न्यावे आणि दोन घास खाऊ घालावेत. ते निघून गेले. पाठोपाठ हजरत उमर (रजि.) आले. त्यांनाही तसेच विचारले. तेही पुढे निघून गेले. नंतर प्रेषित मुहम्मद (सल्ल.) आले. त्यांनी अबू हुरैरांच्या चेहऱ्याकडे पाहिले, स्मित केले आणि मनातली गोष्ट ओळखली. त्यांना घरी नेले. घरात भेट म्हणून आलेले दुधाचे एक भांडे होते. त्या एका भांड्यासाठी आपण सुफ्फ्यावरच्या सर्वांना बोलावून घेतले आणि सर्वजण तृप्त झाल्यावर अबू हुरैरांना पुन्हा पुन्हा पाजले.

या प्रसंगातील दोन्ही महान सहाबांचा यात काही दोष नाही. त्यांना आयत विचारली गेली होती. पण आपल्यासाठी यात मोठा धडा आहे. स्वाभिमानी माणूस आपली गरज नाव घेऊन सांगत नाही. तो दुसरेच काही विचारतो. प्रश्न आयतीचा असतो आणि दुखणे पोटाचे असते. सूरह बकरामध्ये (आयत २७३) अशाच गरजूंचे वर्णन आले आहे: ते मागण्यापासून स्वतःला इतके जपतात की अजाण माणसाला ते सधन वाटावेत, त्यांना त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखावे लागते.

आज आपल्या शहरांतील मशिदींत ही ओळख कितपत उरली आहे, हा या लेखाचा विषय आहे. कुणी इमामाकडे येऊन दुआ मागतो, कुणी पाण्यावर दम करून घेतो, कुणी ताविजाची चौकशी करते. आपण दुआ करतो आणि आपली जबाबदारी संपली असे समजतो. त्या दुआमागे रुग्णालयाचे न भरलेले बिल आहे, बंद झालेले रेशन आहे, की नवऱ्याने टाकून दिलेली मुलगी आहे, हे विचारायचे राहून जाते. आणि विचारले, तरी पुढे कोठे पाठवायचे हे आपल्याला ठाऊक नसते.

शहरातला शेजारी

सूरह निसामध्ये (आयत ३६) अल्लाहने आई-वडील, नातलग, अनाथ आणि गरजू यांच्यानंतर तीन प्रकारच्या शेजाऱ्यांशी चांगुलपणाने वागण्याची आज्ञा दिली आहे: जवळचा शेजारी, परका शेजारी आणि बाजूला असलेला सोबती. या तिसऱ्या प्रकारात भाष्यकारांनी प्रवासातील सोबती, कामावरील सहकारी आणि थोडा वेळ का होईना, आपल्या बाजूला येऊन बसलेला माणूस यांचाही समावेश केला आहे. शहरात राहणाऱ्यांनी या शब्दाचा फार विचार करावा. लोकलच्या डब्यात रोज समोर बसणारा, एकाच कारखान्यात हातमाग सोडून यंत्रमागावर आलेला, नमाजच्या सफेत खांद्याला खांदा लावून उभा राहणारा, हे सारे त्या आयतीच्या कक्षेत येतात.

गावात कुणाच्या घरची चूल पेटली नाही, हे शेजारणीला छपरावरच्या धुरावरून कळत असे. मराठवाड्यातून, खानदेशातून, कोकणातून माणूस मुंबईला, पुण्याला किंवा भिवंडीला आला की त्याच्या मागची ती सारी ओळख गावातच राहते. इथे दार लोटले की आत काय चालले आहे, हे भिंतीपलीकडच्या घराला समजत नाही. वस्ती जितकी दाट तितकी ओळख विरळ, असा हा शहराचा विचित्र कारभार आहे.

दुसरी गोष्ट याहून विचित्र आहे. गावाच्या मानाने शहरात मदतीच्या सोयी पुष्कळ आहेत. मोठी रुग्णालये इथे, न्यायालये इथे, तहसील आणि महापालिकेची कार्यालये इथे, धर्मादाय संस्था आणि ट्रस्टही इथेच. तरीही गरजू माणूस त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, कारण मदत स्वतःहून कुणाचे घर शोधत येत नाही. तिच्याकडे जाणारी वाट कुणीतरी दाखवावी लागते. ज्याला ती वाट ठाऊक आहे, त्याच्याकडे एक अमानत आहे. चांगल्या कामाची वाट दाखवणाऱ्याला ते काम करणाऱ्याइतकाच सवाब मिळतो, ही सहीह मुस्लिममधील शिकवण आपण व्याख्यानांतून अनेकदा ऐकली आहे. तिचा अर्थ आपल्या मोहल्ल्यात काय होतो, ते आता पाहू.

मागणे आणि हक्क

पहिला अडथळा मनाचा असतो. अनेक दीनदार माणसे म्हणतात, ‘सरकारी मदतीसाठी अर्ज करणे म्हणजे हात पसरणे झाले. आमच्या घराण्यात हे चालत नाही.’ ही खुद्दारी आदरणीय आहे; इस्लामनेच ती शिकवली आहे. पुरेसे असताना संपत्ती वाढवण्यासाठी लोकांकडे मागत फिरणाऱ्याला कयामतच्या दिवशी जी नामुष्की सोसावी लागेल, तिचा इशारा हदीसमध्ये फार कठोर शब्दांत आला आहे. एक अन्सारी सहाबी मागायला आले, तेव्हा प्रेषितांनी (सल्ल.) त्यांच्या घरातील घोंगडे आणि पेला दोन दिरहमांना विकून दिला. एका दिरहमाचे अन्न घरी पाठवायला लावले, दुसऱ्याची कुऱ्हाड आणवली, तिला स्वतःच्या हाताने दांडा बसवला आणि पंधरा दिवस लाकडे तोडून विकण्यास सांगितले. अबू दाऊदमध्ये ही हदीस आहे. धडधाकट माणसाला कामाला लावणे ही सर्वांत चांगली मदत होय.

परंतु त्याच प्रेषितांनी (सल्ल.) हजरत कबीसा (रजि.) यांना तीन माणसांसाठी मागणे योग्य असल्याचे सांगितले. एक, ज्याने दोन गटांतील भांडण मिटवण्यासाठी दुसऱ्यांचा बोजा आपल्या अंगावर घेतला. दुसरा, ज्याची मालमत्ता एखाद्या आपत्तीत नष्ट झाली. तिसरा, ज्याच्यावर उपासमारीची वेळ आली आणि त्याच्याच लोकांपैकी तीन समजूतदार माणसांनी तशी साक्ष दिली. सहीह मुस्लिममधील या हदीसमधले ते तीन साक्षीदार मला नेहमी थांबवतात. साक्ष तोच देऊ शकतो ज्याला दुसऱ्याच्या घरची स्थिती ठाऊक आहे. म्हणजे प्रत्येक माणसाची अडचण निदान तिघांना नीट माहीत असेल, असा समाज इथे गृहीत धरलेला आहे. वाचकहो, आपल्या इमारतीत, आपल्या गल्लीत अशी किती घरे आहेत, ज्यांच्याविषयी आपण प्रामाणिकपणे साक्ष देऊ शकू?

आता हक्काविषयी. सूरह जारियातमध्ये (आयत १९) श्रद्धावंतांच्या संपत्तीत मागणाऱ्याचा आणि वंचिताचा वाटा असल्याचे सांगताना ‘हक’ हाच शब्द आला आहे. हजरत उमर (रजि.) यांनी एका वृद्ध, अंध माणसाला दारोदार मागताना पाहिले. तो यहुदी होता. म्हातारपण, गरज आणि जिझिया यांमुळे ही वेळ आल्याचे त्याने सांगितले. उमर (रजि.) यांनी त्याचा हात धरून त्याला घरी नेले, जवळचे काही दिले आणि बैतुलमालच्या खजिनदाराला त्याच्याकडे व त्याच्यासारख्या इतरांकडे लक्ष देण्याचा आदेश धाडला. त्याचा जिझियाही माफ केला. काझी अबू यूसुफ यांनी ‘किताबुल खराज’मध्ये हे नोंदवले आहे. तारुण्यात ज्याच्याकडून घेतले, त्याला म्हातारपणी वाऱ्यावर सोडणे न्यायाचे नाही, हा त्यामागचा विचार होता.

आपल्या देशातही तिजोरी साऱ्यांच्या पैशाने भरते. काडीपेटी, साबण, औषध विकत घेताना गरिबातला गरीब माणूसही कर भरतो. त्या तिजोरीतून निराधार विधवेला निवृत्तिवेतन मिळाले, तर तिने कुणापुढे पदर पसरला असे होत नाही. तिच्यासाठी ठेवलेला वाटा तिने घेतला. तो वाटा सोडून देऊन लेकरांना उपाशी ठेवणे याला तवक्कुल म्हणता येणार नाही.

मशिदीच्या दारातला कागद

जुमाची नमाज संपते. दारात एक माणूस हातात फाईल घेऊन उभा असतो, पायाशी रुमाल पसरलेला असतो. लोक दहा-वीस रुपये टाकून पुढे जातात. हे देणे चांगलेच आहे. मागणाऱ्याला झिडकारू नये अशी आज्ञा सूरह दुहामध्ये आहे. पण हिशेब करून पाहा. दोनशे नमाजींनी दहा-दहा रुपये दिले तर दोन हजार होतात. शस्त्रक्रियेचा खर्च लाखांत असतो. तो माणूस पुढच्या जुमाला दुसऱ्या मशिदीच्या दारात उभा राहतो आणि आजार काही थांबत नाही. दोनशेंपैकी एकानेही त्याच्या हातातला कागद वाचलेला नसतो.

तो कागद वाचा. त्याला बाजूला बसवा, पाणी द्या आणि तीन गोष्टी विचारा.

पहिली, रुग्णालय कोणते? मुंबईतील केईएम, शीव, नायर यांसारख्या महापालिकेच्या रुग्णालयांत आणि मोठ्या शासकीय रुग्णालयांत समाजसेवा विभाग असतो. बिलाची सवलत, औषधांसाठी ट्रस्टची मदत, योजनेचे कागद यांची वाट तिथून सुरू होते. डॉक्टरांच्या रांगेत महिनाभर उभ्या राहिलेल्या अनेक कुटुंबांना त्याच इमारतीतील या विभागाचे दार कोठे आहे, हे माहीत नसते. रुग्णालय खाजगी पण धर्मादाय न्यासाचे असेल, तर मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार त्याला १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने ठेवाव्या लागतात. रुग्ण तातडीच्या स्थितीत असेल, तर अनामत रकमेसाठी न अडवता त्याला दाखल करून घेऊन जीव वाचवणारे उपचार देणे या रुग्णालयांवर बंधनकारक आहे. दाद मागायची झाली तर धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय आहे. उत्पन्नाची मर्यादा वेळोवेळी बदलते, म्हणून ती तिथेच विचारून घ्यावी.

दुसरी, रेशनकार्ड आहे का? महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आता राज्यातील सर्व कुटुंबांचा समावेश झाला असून, ठरावीक आजारांवर एका कुटुंबासाठी वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार योजनेतील रुग्णालयांत होतात. अशा प्रत्येक रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ नेमलेला असतो. दाखल होतानाच त्याला भेटावे. आधी पैसे भरून नंतर परत मागण्याच्या भानगडीत पडू नये.

तिसरी, सोबत कोण आहे आणि मुक्काम कोठे आहे? परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात देशभरातून कर्करोगाचे रुग्ण येतात आणि कित्येकांचे नातलग पदपथावर दिवस काढतात. तिथे मोफत किंवा अल्प दरात राहण्या-जेवण्याची सोय करणाऱ्या संस्थाही आहेत. त्यांची माहिती रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाकडे मिळते.

ही चौकशी झाल्यावर आपले पैसे खरोखर कामी येतात. योजनेत न बसणारे औषध, गावाहून येण्याचे भाडे, सोबत्याचे जेवण, बुडालेली मजुरी यांसाठी जमातीने हात सैल सोडावा. कैरोमध्ये १२८४ साली सुलतान कलावून यांनी वक्फच्या उत्पन्नावर उभारलेल्या रुग्णालयात श्रीमंत-गरीब भेद न करता उपचार होत. आपल्या पूर्वजांना ठाऊक होते की आजारी माणसाला आजारपणात दारोदार फिरायला लावणे ही समाजाची लाज आहे.

बंद दारामागे

फाईल घेऊन उभा राहणारा निदान दिसतो. दिसत नाहीत त्यांचे काय?

विधवा, घटस्फोटित, नवऱ्याने सोडलेल्या स्त्रिया, अनाथ मुले, दिव्यांग, क्षयरोग किंवा कर्करोगासारख्या आजारांमुळे कमावू न शकणारे, यांच्यासाठी राज्यात १९८० पासून संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. ६५ वर्षांवरील निराधार वृद्धांसाठी श्रावणबाळ योजना आहे. महिन्याला १,५०० रुपयांपासून हे साहाय्य मिळते. अर्ज तहसील कार्यालयात किंवा सेतू केंद्रात होतो. दीड हजारात घर चालत नाही हे खरे. पण ज्या आईला सुनेकडे गोळीसाठी वीस रुपये मागावे लागतात, तिला या रकमेची किंमत विचारा.

रेशनचेही तसेच. गावाकडचे रेशनकार्ड शहरात चालत नाही, असे समजून कितीतरी मजूर कुटुंबे बाजारभावाने धान्य घेतात. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालील लाभार्थी आपल्या वाट्याचे धान्य आता देशातील कोणत्याही रास्त भाव दुकानातून उचलू शकतात. त्यासाठी कार्डाला आधार जोडलेले असावे लागते, एवढेच.

भगिनींनो, एक गोष्ट विशेषतः आपल्याला सांगायची आहे. घरातली गोष्ट घरातच राहावी, हे म्हणणे एका मर्यादेपर्यंत योग्य आहे. पण जुलूम सोसत राहण्याला सब्र हे नाव देऊ नका. हजरत खौला बिन्त सअलबा (रजि.) नवऱ्याविषयीची तक्रार घेऊन थेट प्रेषितांकडे (सल्ल.) गेल्या. त्यांना कुणी गप्प बसवले नाही. त्यांचे बोलणे अल्लाहने ऐकले आणि सूरह मुजादलाच्या आरंभी त्याचा उल्लेख केला. तक्रार घेऊन जाणारी स्त्री घराण्याची बदनामी करते, असे म्हणणाऱ्यांनी ही सूरह पुन्हा वाचावी.

आज अशी तक्रार कोठे न्यावी? १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोणत्याही स्त्रीला, तिच्या उत्पन्नाची अट न ठेवता, मोफत वकील मिळतो. प्रत्येक जिल्हा न्यायालयात या प्राधिकरणाचे कार्यालय आहे, दूरध्वनी १५१००. मुंबई पोलीस आणि टाटा समाजविज्ञान संस्था यांनी १९८४ मध्ये सुरू केलेला महिला व बालकांसाठीचा विशेष कक्ष आज राज्यात अनेक ठिकाणी पोलिसांच्या आवारात काम करतो; तिथे प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या भेटतात. संकटात १८१ किंवा ११२ हे क्रमांक आहेत. लहान मुलांसाठी १०९८, एकाकी वा छळ सोसणाऱ्या वृद्धांसाठी १४५६७. मुले सांभाळत नसतील, तर २००७ च्या कायद्यान्वये वृद्ध आई-वडिलांना प्रांत अधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणात पोटगी मागता येते. आपल्यापैकी कुणाच्या आईवर तिथे जाण्याची वेळ येऊ नये, अशी दुआ करू. पण आलीच, तर तिला ती वाट माहीत असावी.

मनाच्या आजाराविषयीही बोलले पाहिजे. मूल बोलेनासे झाले, तरुण रात्रभर जागा राहू लागला, बाळंतीण सारखी रडू लागली, की असर झाला असे ठरवून महिने वाया जातात. प्रेषितांनी (सल्ल.) उपचार करण्याची आज्ञा दिली आहे, अल्लाहने प्रत्येक आजारासोबत त्याचा इलाजही ठेवला आहे, हे सांगितले आहे. दुआ अवश्य करावी, आणि डॉक्टरांकडेही जावे. १४४१६ या क्रमांकावर मराठीतून मोफत सल्ला मिळतो.

खरे कागद, खरी साक्ष

मदतीच्या वाटेवर सर्वाधिक माणसे कागदांपाशी अडतात. आपल्या समाजात एक अडचण नेहमीची आहे. आधारवर ‘शेख’, रेशनकार्डावर ‘शैख’. शाळेच्या दाखल्यावर ‘मोहम्मद’, बँकेत ‘मुहम्मद’. लग्नाआधीचे नाव एकीकडे, नंतरचे दुसरीकडे. गरज दारात येऊन उभी राहण्याआधीच एखाद्या सुटीच्या दिवशी घरातील सारे कागद काढून बसा आणि नावे, जन्मतारखा, पत्ते जुळतात का ते पाहा. चूक असेल तर आताच दुरुस्त करून घ्या. रहिवासाचे पुरावे आणि जुनी वीजबिले जपून ठेवा. काही योजनांत राज्यातील १५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते.

अर्ज दिल्यावर पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत देणे कार्यालयांवर बंधनकारक आहे आणि विलंब झाल्यास अपील करता येते. पोच नसेल तर मुदत कोठून मोजणार?

आता एक कटू पण आवश्यक गोष्ट. उत्पन्न कमी दाखवून, असलेले घर लपवून, सासरी नांदत असताना परित्यक्ता म्हणून लिहून मदत उचलणे हराम आहे. ती खोटी साक्ष आहे आणि खोट्या साक्षीची गणना प्रेषितांनी (सल्ल.) सर्वांत मोठ्या पापांत केली आहे. शिवाय असे करणारा माणूस सरकारला फसवतो आणि सोबत खऱ्या विधवेची रांगेतील जागाही हिरावून घेतो. ‘साऱ्यांचे चालते’ हे उत्तर अल्लाहपुढे चालणार नाही. तसेच लाच देऊन काम लवकर करून घेण्याची सवय आपल्या वस्त्यांतील दलालांनी लावली आहे. लाच घेणारा आणि देणारा दोघांवरही लानत आहे. ज्याला वाट माहीत असते, त्याला दलाल लागत नाही. म्हणूनही ही माहिती मशिदीत असली पाहिजे.

प्रत्येक मशिदीत एक वही

आपल्या मशिदींत चंद्रदर्शनाची पत्रके लागतात, देणगीदारांचे फलक लागतात. त्याच भिंतीवर वर दिलेले क्रमांक, जवळच्या रुग्णालयातील समाजसेवा विभागाचा पत्ता आणि तहसील कार्यालयाची वेळ लावायला किती जागा लागेल?

माझी विश्वस्त मंडळींना आणि तरुणांना विनंती आहे. आठवड्यातून एक दिवस, इशाच्या नमाजनंतर एक तास, तीन माणसांनी बसावे. त्यांपैकी एकाला मराठीत अर्ज लिहिता यावा. स्त्रियांसाठी एका जाणत्या भगिनीने वेगळी वेळ द्यावी, कारण अनेक गोष्टी स्त्री स्त्रीलाच सांगते. एका वहीत कोणती मदत कोठे मिळाली, कोणते कागद लागले, किती फेऱ्या झाल्या, हे लिहून ठेवावे. वर्षभरात ती वही मोहल्ल्याचा ठेवा होईल. पुढच्या माणसाच्या फेऱ्या तिच्यामुळे वाचतील.

यात चार पथ्ये पाळावीत. पहिले, येणाऱ्याचे नाव आणि दुःख बाहेर जाऊ नये. जो आपल्या भावाचे झाकतो, त्याचे अल्लाह झाकतो. मदत देतानाची छायाचित्रे काढून फिरवणे तर मुळीच नको. आपला सदका मेहेरबानी दाखवून आणि मन दुखवून वाया घालवू नये, अशी ताकीद सूरह बकरामध्ये आहे. दुसरे, केवळ पत्ता देऊन थांबू नये, शक्य तेथे सोबत जावे. ज्याने कधी कचेरीची पायरी चढलेली नाही, त्याला पत्त्यापेक्षा सोबत महत्त्वाची वाटते. तिसरे, जकातीचा हिशेब वेगळा ठेवावा. हनफी मतानुसार जकात अदा होण्यासाठी ती रक्कम गरजूच्या मालकीची करून द्यावी लागते. म्हणून फलक, झेरॉक्स, कार्यकर्त्यांचा प्रवास हे खर्च नफली सदक्यातून किंवा सर्वसाधारण देणगीतून करावेत. शाफई मत पाळणाऱ्या आपल्या कोकणी बांधवांनी आपल्या उलमांना विचारून घ्यावे. चौथे, दार सर्वांसाठी उघडे असावे. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्या घरी बकरी कापली गेली, तेव्हा आपल्या यहुदी शेजाऱ्याकडे वाटा पाठवला का, असे त्यांनी आधी विचारले. शेजारणीचे आडनाव कोणतेही असो, तिचा अर्ज लिहून देणे हे शेजारधर्माचेच काम आहे.

आणि ज्यांना यातले काही करणे जमणार नाही, त्यांनी निदान एक करावे: कोण दिसत नाही, याकडे लक्ष द्यावे. मस्जिदे नबवीत झाडलोट करणाऱ्या एका साध्या व्यक्तीचा, बहुतेक वर्णनांनुसार एका स्त्रीचा, मृत्यू झाला. लोकांनी ही बाब लहान समजून प्रेषितांना (सल्ल.) न कळवता दफन केले. ती दिसली नाही, म्हणून आपणच चौकशी केली. मला का कळवले नाही, असे विचारले, कबर दाखवायला सांगितली आणि तिथे जाऊन तिच्यासाठी नमाज अदा केली. ज्यांच्या खांद्यावर साऱ्या उम्मतची जबाबदारी होती, त्यांना झाडू मारणाऱ्या एका व्यक्तीची गैरहजेरी जाणवली. आपल्या सफेत रोज डाव्या हाताला उभे राहणारे चाचा आठ दिवस आले नाहीत, तर त्यांचे घर कोणत्या मजल्यावर आहे, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

या जुमाला नमाजहून परतताना हे एक काम करा. न दिसणाऱ्या एका माणसाच्या घरी जा. सलाम करा, बसा, तब्येत विचारा. घाई करू नका. त्यांनी दुआ मागितली तर दुआ करा, आणि नंतर हळूच विचारा, ‘आणखी काही अडले आहे का?’ उत्तर लगेच येणार नाही. थोडा वेळ बसल्यावर येईल.

हे अल्लाह, आम्हाला चेहरे ओळखणारी नजर दे. आमच्यापैकी जे अडले आहेत, त्यांचे मार्ग मोकळे कर आणि ज्यांना मार्ग ठाऊक आहे, त्यांना सोबत चालण्याची तौफीक दे. आमच्या आजाऱ्यांना शिफा दे, आमच्या विधवांना, अनाथांना आणि वृद्धांना त्यांचा हक्क इज्जतीने मिळू दे. आमच्या मशिदींना गरजूंचा आधार बनव आणि आमच्या हातून कुणाचा हक्क मारला जाण्यापासून आमचे रक्षण कर. आमीन.